दुसऱ्यातून तिसऱ्यात

रेइनो कांगास आला तेव्हा
हॅनकॉकच्या चढावरून मिठाचा ट्रक नुकता गेला होता.
त्याची जुनी हिरवी एसयूव्ही माझ्या दारात थांबली
आणि थांबतानाही एकदा दचकली,
झोपेत पायरी चुकलेल्या माणसासारखी.

"दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना लाथ मारते.
सकाळी नाही. गरम झाली की."
एवढं बोलून गप्प.
या सरोवराकाठची माणसं दुखणं सांगतात
ते दाताच्या डॉक्टरला दाखवावं तसं:
इथे. बस.

कॅल्युमेटच्या मोठ्या गॅरेजनं त्याला
अख्खा गिअरबॉक्सच बदलायला सांगितला होता,
चार हजार आठशे डॉलर, कर वेगळा.
तो कागद चार घड्या घालून
त्यानं टोपीच्या अस्तरात ठेवला होता.
दाखवला आणि परत टोपी घातली.

मी आधी वास घेतला.
डिपस्टिकवरचं तेल दोन बोटांत चोळलं.
लाल, जरा मळकं, पण करपलेलं नाही.
जळलेल्या क्लचचा वास लागलेल्या दुधासारखा,
लपवता येत नाही.
स्कॅनर जोडला. स्कॅनर म्हणाला, सगळं ठीक.
स्कॅनरचं काय,
विचारलं तेवढंच बोलतो, तोही कांगासच्याच गावचा.

मग त्याला शेजारी बसवून मी स्वतः चालवली.
उचलत्या पुलावरून पलीकडे, कॉलेजच्या मागून, पुन्हा इकडे.
तोवर अंधार पडला. चार वाजून पन्नास मिनिटं.
पहिला.
दुसरा.
आणि तिसऱ्याच्या आधी तो एक क्षण,
ज्यात गाडी कुणाचीच नसते,
मग धाडकन.
डॅशबोर्डवरचा चष्मा घसरला.
रेइनोनं तो न बघताच झेलला.
किती महिन्यांची सवय असेल ती.

पण मी चष्म्याकडे बघत नव्हते.
समोर बर्फावर आमच्याच दिव्यांचा उजेड
त्या धक्क्याच्या जरासा आधी
पापणी लवावी तसा मंदावला होता.

पुन्हा चढ. पुन्हा पापणी, पुन्हा लाथ.
गिअरचं दुखणं दिव्याला कसं कळतं?

लिफ्टवर चढवली. खाली गेले.
बारा हिवाळ्यांचं मीठ माझ्या बाहीत गळलं.
गिअरबॉक्सवरून सांगाड्याकडे जाणारी
तारेची एक विणलेली पट्टी असते, बोटभर रुंद,
तिच्याकडे कुणी बघत नाही.
वीज जाते, तशी तिला परतही यावं लागतं,
ती या वाटेनं येते.
पट्टी हिरवी भुकटी झाली होती. तीन धागे शिल्लक.
इंजिन तापलं, पंखा फिरला, हीटर, दिवे,
सगळे त्याच तीन धाग्यांवरून घरी निघालेले,
आणि आत सोलेनॉइड, वीज कमी पडली की
घाबरून सगळा दाब एकदम सोडणारा.
दुखणं म्हशीला होतं, डाग पखालीला द्यायचा बेत होता.

"चौदा डॉलरची पट्टी," मी म्हणाले, "आणि चाळीस माझे."
मला वाटलं, हसेल.
या धंद्यात अशी वाक्यं वर्षातून दोनदा मिळतात,
मी ते जरा ऐटीतच म्हटलं होतं.

रेइनोनं टोपी काढली. अस्तर चाचपलं.
"काल झोपडी विकली," तो म्हणाला.
बर्फावरची. मासेमारीची.
बापानं वेल्डिंग केलेल्या शेगडीसकट.
अर्ल ट्रेम्बाथला. सव्वीसशे, रोख.

आम्ही दोघं त्या पट्टीकडे बघत उभे राहिलो.
मी म्हणणार होते, परत माग.
म्हणाले नाही.
अर्लला मी ओळखते. आणि रेइनोला.
त्यानं चोपन्न डॉलर मोजले, वर कॉफीचे दोन ठेवले.

फेब्रुवारीत पुलावर मी त्याच्या मागे होते.
चढावर कान देऊन ऐकलं,
पहिला, दुसरा, तिसरा,
कुठं सांधा कळलासुद्धा नाही.
खाली गोठलेल्या पाण्यावर
निळ्या झोपडीतून धूर सरळ वर जात होता.
रेइनोचे ब्रेकचे दिवे
तिथे, रस्ता मोकळा असताना,
एकदा लागले
आणि विझले.